अण्णांचं ‘व्हय म्हाराजा’

“अण्णा, माझ्या बाबांच्या हातातला नारळ काढून घेताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही हो?”

विचारून झालं! ऋतिकाचा स्वतःच्याच कानांवर विश्वास बसेना. जिन्याच्या आड लपलेल्या रुचिरा आणि जान्हवीने एकमेकींचे हात घट्ट आवळले. पैज त्यांनीच लावली होती. “परवा तर गुवाहाटीला चाललीस. जायच्या आधी अण्णांना तोंडावर विचारून दाखव. नाही विचारलंस तर तू फट्टू,” असं रुचिरा सकाळीच म्हणाली होती. आता गेल्या वर्षीची ऋतिका असती तर फट्टू तर फट्टू म्हणून घरात जाऊन बसली असती. वर्गात हजेरी द्यायची वेळ आली तरी तिचे कान लाल व्हायचे. पण नववीत तिला कुणीतरी वक्तृत्व स्पर्धेत ढकललं, तिथे ती सात मिनिटं न थांबता बोलली, आणि त्या दिवसापासून तिच्या तोंडाला जे पाय फुटले ते काही थांबायचं नाव घेईनात.

अण्णा गावडे म्हणजे बोरीवली पूर्वेच्या ‘रवळनाथ दर्शन’ सोसायटीचे सेक्रेटरी. ते नोटीस बोर्डासमोर उभे होते आणि त्यांच्या ओठांत चार टाचण्या होत्या. त्यामुळे एवढा जळजळीत प्रश्न ऐकूनही त्यांना लगेच काही बोलता येईना. एक टाचणी काढली, नोटिशीच्या कोपऱ्यात खोचली. दुसरी काढली, खोचली. ऋतिका वाट बघत उभी राहिली आणि तेवढ्यात तिने नोटीस वाचून घेतली : ‘परब कुटुंबास निरोप. रविवार, सकाळी दहा, राखणदारासमोर. गाऱ्हाणे : अण्णा गावडे.’ शेवटचे तीन शब्द लाल स्केचपेनने.

चौथी टाचणी खोचून झाल्यावर अण्णा वळले.

“मी काढून घेतला? तुझ्या बापाला विचार गो. नारळ काय नि बोरीवली काय, आपणहून सोडतोय तो.”

“बाबांची बदली झालीय. कंपनीने पाठवलंय.”

“कंपनीने!” अण्णा हसले. त्यांचं हसणंसुद्धा माइकवरून आल्यासारखं घुमायचं. “अगं, त्याने अर्ज केला म्हणून पाठवलंय. आणि तो अर्ज इंग्लिशमध्ये कोणी लिहून दिला? मी! गणपतीनंतर आठ दिवसांनी येऊन बसला होता माझ्यासमोर. कुठेही पाठवा, पण लांब पाठवा, असं लिहा म्हणाला. मी झकास लिहून दिलं. विचार जा.”

ऋतिका जिन्याकडे वळली तेव्हा मैत्रिणी टाळी द्यायला हात पुढे करून उभ्या होत्या. तिने टाळी दिली नाही. ती तीन मजले धाडधाड चढून गेली.

नारळाची गोष्ट अशी, की रवळनाथ दर्शनमधली बत्तीसपैकी सव्वीस घरं कोकणातली. कुडाळ, कणकवली, मालवण. दर वर्षी सोसायटीचा गणपती उठायच्या आधी हातात नारळ धरून देवापुढे गाऱ्हाणं घातलं जातं. एकाने मागायचं आणि बाकीच्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होकार द्यायचा. हे मागायचं काम अकरा वर्षं ऋतिकाच्या बाबांकडे, चंद्रप्रकाश परबांकडे होतं. आणि बाबा तोतरे. साधं ‘परब’ म्हणायचं तर आधी पाच-सहा वेळा ‘प’च्या उंबरठ्यावर ठेच लागायची. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, कारण लिफ्टशी बोलावं लागत नाही. गॅसचा फोन, बँकेचा फोन, डॉक्टरांची वेळ घ्यायचा फोन, सगळं ऋतिका करायची, अगदी सहावीत असल्यापासून. पण नारळ हातात आला, डोळे मिटले आणि ‘बा देवा म्हाराजा’ म्हटलं, की बाबांचं बोलणं असं वाहायचं की जणू खाडीला भरती आलीय! एक अक्षर अडकायचं नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही.

आणि मागच्या गणपतीत कोणीतरी बडे पाहुणे आले. मोबाइलवर लाइव्ह चालू होतं. बाबांनी डोळे मिटले होते, ‘बा देवा’ एवढं म्हणून झालं होतं. अण्णांनी पुढे होऊन त्यांच्या हातातला नारळ अलगद उचलला आणि माइकमध्येच म्हणाले, “दे इकडे चंदू. तुझी गाडी अडकली तर आमची शोभा होईल!”

मांडव हसला. सगळा. आईची सख्खी बहीण मीरामावशीसुद्धा हसली, मग तिने तोंडावर पदर घेतला. अण्णांनी गाऱ्हाणं मोबाइलवर बघून वाचलं आणि मध्येच त्यांच्या मोबाइलवर कॉल आला, पण त्याला कोणी हसलं नाही. बाबांचे हात मात्र कितीतरी वेळ नारळ धरल्यासारखेच राहिले होते. ऋतिका त्यांच्या शेजारी उभी होती. तिने ते हात बघितले होते आणि ती गप्प बसली होती. हे तिला जास्त टोचत होतं.

घरात आई, म्हणजे शेवंती, कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत बसली होती.

“आई, बदली बाबांनी मागून घेतली?”

आईने हातातली बशी दोनदा गुंडाळली. “कोणी सांगितलं?”

“म्हणजे खरं आहे.”

“आवाज हळू कर. खाली गेलेत ते, सुतळी आणायला.” आईने तिला जवळ बसवलं. “मी पण भांडले गं. मी म्हटलं, जायचंच तर पुण्याला जाऊ, नाशिकला जाऊ. तर म्हणाले, नको. जिथे आपली भाषा कोणाला येत नाही तिथे जाऊया. तिथे माझं अडकलं तर लोकांना वाटेल, याला इथली भाषा येत नाही म्हणून अडकतोय. कोणी हसणार नाही.”

अडीच हजार किलोमीटर! एवढ्या लांब माणूस जातो ते पगार वाढतो म्हणून, मोठं घर मिळतं म्हणून. तिचा बाप चालला होता ते एका वाक्यामुळे. आणि ते वाक्य बोलणारा माणूस खाली लाल स्केचपेनने स्वतःचं नाव लिहीत होता.

“मावशी म्हणतेय ते अजून विचार कर,” आई म्हणाली. चौथ्या मजल्यावरची मीरामावशी महिनाभर मागे लागली होती, की पोरीची दहावी आहे, तिला माझ्याकडे ठेवा. “शाळा तीच, मैत्रिणी त्याच. वर्षभराचा तर प्रश्न.”

“आणि रोज अण्णांचं तोंड बघू? शक्यच नाही. मी तर जाताना या बिल्डिंगकडे वळूनसुद्धा बघणार नाही.”

“मग झालं. ती पितळेची परात इकडे दे.”

ऋतिकाने परात दिली. पण वळूनसुद्धा न बघता जायच्या आधी तिला एक काम उरकायचं होतं.

संध्याकाळी गच्चीवर तिघींची मीटिंग भरली. जान्हवीने अण्णांच्या स्कूटरच्या सीटवर अंडं फोडायचं सुचवलं. रुचिराला त्यांच्या दारावरच्या पाटीतला ‘व’ खरवडून काढायचा होता, म्हणजे ‘अण्णा गाडे’ होईल. तिघी पोट दुखेपर्यंत हसल्या.

“यार, पण ते पुसून टाकतील,” ऋतिका म्हणाली. “त्यांनी माइकवर केलं. सगळ्यांसमोर केलं. मला पण सगळ्यांसमोर पाहिजे.”

“म्हणजे भाषण करणार तू? अण्णा माइक देतील होय तुला!”

“भाषण नाही गं.” ऋतिकाचे डोळे चमकायला लागले. “रविवारी गाऱ्हाणं आहे ना. गाऱ्हाण्यात लोक काय करतात? ऐकतात का कोणी? समोरचा थांबला की ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. झोपेतसुद्धा म्हणतील. मी काहीही मागितलं तरी म्हणतील!”

“पण मुली नाही घालत गाऱ्हाणं,” जान्हवी म्हणाली.

“कुठे लिहिलंय? नोटीस बोर्डावर?”

रुचिराने डोक्यावर हात मारला. “गेले अण्णा! वाट लागली त्यांची.”

मालवणीचीच तेवढी अडचण होती. ऋतिकाची मालवणी निम्मी कुडाळची, निम्मी बोरीवलीची. पण बाबा दर वर्षी आठवडाभर आधीपासून स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून गाऱ्हाणं घोकायचे. ते ऐकून ऐकून तिला पाठ होतं. उरलेलं तिने शनिवारभर चादरींच्या घड्या घालता घालता जमवलं. आई म्हणाली, “पुटपुटतेस काय?” ती म्हणाली, “इतिहास.”

रविवारी दहा वाजता सगळी बिल्डिंग खाली उतरली. फाटकाजवळ आंब्याच्या झाडाखाली राखणदाराची छोटी घुमटी आहे. जागेची राखण करणारा तो देव, कोणी कायमचं जागा सोडून चाललं की त्याला सांगून जायचं असतं. टेम्पोत सामान चढून झालं होतं. बायका आईच्या गळ्यात पडत होत्या, डबे देत होत्या. तांदळाची बोरं, कोकमं, सोलकढीची पावडर, जसं काही गुवाहाटीला माणसं जेवतच नाहीत. तळमजल्यावरच्या सोनूबाईंनी, ज्यांना ऐकू जरा कमीच येतं, बाबांच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. बाबा हसत होते, मान हलवत होते. एक शब्दही बोलत नव्हते. बोलायला लागू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांत पिशव्या धरून ठेवल्या होत्या.

अण्णांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात माइक.

“हॅलो, हॅलो. चेक. आज आपला चंदू आपल्याला सोडून चाललाय. माणूस शांत. कधी कोणाला उलटून बोलला नाही…” अण्णा क्षणभर थांबले आणि डोळा बारीक करून म्हणाले, “बोलणार तरी कसा!”

लोक हसले. आठ महिन्यांपूर्वी हसले होते तसेच.

ऋतिका पुढे गेली. अंगात कसा उत्साह सळसळत होता! तिने अण्णांच्या हातातला नारळ दोन्ही हातांनी अलगद उचलला, आणि माइकपाशी तोंड नेऊन अगदी गोड आवाजात म्हणाली, “द्या इकडे अण्णा. तुमची गाडी अडकली तर आमची शोभा होईल.”

पुन्हा हसले लोक! पोरीची गंमत वाटली त्यांना. अण्णाही हसले, कारण लोक हसत असताना न हसणं त्यांना जमायचं नाही. तेवढ्यात ऋतिकाने डोळे मिटले आणि खणखणीत सुरू केलं.

“बा राखणदारा म्हाराजाऽऽ!”

“व्हय म्हाराजाऽऽ!” पन्नास गळ्यांतून आपोआप आलं.

“ह्या जागेच्या, ह्या वाटेच्या, बारा वेशीच्या म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज तुजी लेकरा परमुलखाक चललीत. त्यांका वाटेत संबाळ!”

“व्हय म्हाराजा!”

“टेम्पोतल्या कपबश्ये फुटू देव नको, नि गाडी टायमात सुटू दे!”

“व्हय म्हाराजा!” मध्येच हशा. लोक खुलले. अण्णांना तर राहवेना. मागायला मिळालं नाही तर नाही, होकार तरी आपलाच सगळ्यांत मोठा हवा म्हणून ते आता सगळ्यांच्या वरताण ओरडत होते. ऋतिकाला हेच हवं होतं. तिने ताल थोडा वाढवला.

“गेल्या गणपतीत, भर मांडवात, माज्या बापाशीच्या हातातलो नारळ ज्येनी काढून घेतल्यानी…”

“व्हय म्हाराजा!”

“अकरा वर्सा जो गाऱ्हाण्यात कधी अडाकलो नाय, त्येच्यार ज्येनी लोकांका हसवल्यानी…”

“व्हय… म्हाराजा,” काही जणांची जीभ अडखळली. मीरामावशीने चमकून वर बघितलं.

“त्या माणसाचो आवाज ऐन टायमाक, चार लोकांत, घशात अडकान ऱ्हवू दे, रे म्हाराजाऽऽ!”

“व्हय म्हाराजाऽऽ!”

हा आवाज एकट्या अण्णांचा होता. मान वर, हात जोडलेले, त्यांत माइक अजून चालूच. फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्यापर्यंत पोहोचला तो.

अण्णांना कळायला जरा वेळ लागला. आधी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बाकीचे गप्प का म्हणून. मग त्यांचे ओठ हलले. आपणच काय कबूल केलं ते मनात घोळवून बघत असावेत. मग कानांपासून सुरुवात करून चेहरा लाल होत गेला. एवढ्यात मागून सोनूबाईंचं उशिरा आलेलं, बारीक, प्रेमळ ‘व्हय म्हाराजा’ ऐकू आलं, आणि रुचिराचा बांध फुटला. ती जान्हवीच्या खांद्यात तोंड खुपसून खुसखुसायला लागली.

ऋतिकाने डोळे उघडले. इतकं बरं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. वक्तृत्व स्पर्धेत जिंकलेली ढालसुद्धा यापुढे काहीच नाही!

“ऋतिका!” आई पांढरीफटक पडली होती. “गाऱ्हाणं असं उघडं ठेवतात होय! शिव्याशापावर थांबतात? देवाला काय सांगितलंस तू, कळतंय का तुला? ते मागे घे आधी.”

“नाही घेणार.”

“अगं, निघायच्या वेळी…”

“मी खोटं काय बोलले, सांग ना. कोणीही सांगा. आहात ना सगळे? तेव्हा पण होतात.”

सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. तेव्हा बाबांनी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. ते चालत आले आणि त्यांनी लेकीपुढे हात पसरले. ऋतिकाला वाटलं, आता बाबा माफी मागणार, सगळ्यांसमोर, आणि ती मागतानाही अडकणार. पण बापाने मागितलेला नारळ कसा नाही द्यायचा? तिने तो त्यांच्या हातांत ठेवला. बाबांनी डोळे मिटले.

“बा राखणदारा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” दबकत दबकत.

“माज्या चेडवान जा काय मागल्यान, ता तू आयकलंस.” एक अक्षर अडकलं नाही. आवाज चढवलेला नव्हता, तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला असता. “चेडू ल्हान आसा. रागात आसा. त्यातला खोटा आसात ता व्हाळाच्या पाण्यात सोड…”

“व्हय म्हाराजा!” लोकांनी हुश्श करून जोर लावला. आईने डोळे पुसले.

“…आणि खरा आसात, ता पदरात ठेव, रे म्हाराजा.”

यावर मात्र कोणी काही म्हणेना. सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. सेक्रेटरी तेच, वडील माणूस तेच, पहिला होकार त्यांनीच द्यायचा. अण्णांनी तोंड उघडलं. माइक ओठांशी होता. आणि आवाज आलाच नाही. नुसती हवा, ‘व्ह… व्ह…’ अशी, स्पीकरमधून फरफरत गेली. त्यांनी खाकरून पाहिलं. पुन्हा ‘व्ह…’. देवाने केलं की लाजेने केलं, ते त्या राखणदारालाच ठाऊक, पण अख्ख्या बिल्डिंगने ते स्पीकरवर ऐकलं.

कोणी हसलं नाही. बाबांनी ते पूर्ण होईपर्यंत वाट बघितली, अगदी शांतपणे. आयुष्यभर लोक आपल्यासाठी कधी थांबले नाहीत आणि आपण थांबू शकतो, हे जणू ते दाखवत होते. शेवटी अण्णांच्या तोंडून घोगरं, तुटकं ‘व्हय म्हाराजा’ बाहेर पडलं. मग बाबांनी गाऱ्हाणं पुढे नेलं. बत्तीस घरांसाठी मागितलं, सोनूबाईंच्या गुडघ्यांसाठी, अण्णांच्या नातवाच्या ॲडमिशनसाठीसुद्धा मागितलं, आणि एका घावात नारळ फोडला.

घराची शेवटची फेरी मारायला तिघं वर आले. रिकाम्या खोलीत आवाज घुमत होता. आई अजून धुसफुसत होती. “जाताना पण लोकांच्या तोंडाला काळं फासून आलीस. आता काय बोलतील मागे?”

“ब-ब-बोलू दे,” बाबा म्हणाले. ते गॅसचा कॉक बंद आहे का बघत होते. मग ते वळले आणि ऋतिकाने पाहिलं, तर ते चक्क हसत होते. “ख-खोटं कशाला सांगू शेवंती. ब-बरं वाटलं. अ-अण्णांची गाडी अडकली तेव्हा तर लय बरं वाटलं.”

“अहो!”

“ख-खरंच.” मग हसू जरा ओसरलं. त्यांनी ऋतिकाच्या डोक्यावर टपली मारली. “प-पण बाय, आजचा दिवस आपला. द-दुपारची गाडी सुटली की न-नारळ परत त्यांच्याच हातात. ग-गणपतीला तेच उभे राहणार.”

ते सहज म्हणाले आणि खिडकी लावायला गेले. पण ऋतिका जागच्या जागी थांबली. खरंच की! तीन तासांत ते टर्मिनसवर असतील, तीन दिवसांत गुवाहाटीत. आणि अण्णा? अण्णा आठ दिवस घसा शेकतील. मग माइक पुसतील. मग लोकांना सांगतील, पोरगी आगाऊ होती, बाप तोतरा होता, गेले एकदाचे. खाली उभे असलेले सगळे पुन्हा हसतील, कारण हसताना त्यांना बघणारं कोणी उरणार नाही. निघून जाणं म्हणजे अण्णांची सोय! आणि वळूनसुद्धा न बघता जाणार होती ती. किती सोपं केलं होतं तिने त्यांचं काम.

खालून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. आईने कुलूप उचललं. “चला. ऋतिका, तुझी सॅक घे.”

ऋतिकाने सॅक घेतली, पण ती दाराकडे गेली नाही. “आई, बाबा, दोन मिनिटं ऐका. आणि मध्ये बोलू नका.”

“आता काय आणखी?” आई म्हणाली. “तिथे गेल्यावर बँकेत, शाळेत, सगळीकडे फोन करायचेत तुला. बाबांना…”

“बाबा स्वतः करतील. आज ऐकलंस ना तू? अडकले तर समोरचा थांबेल. नाही थांबला तर मला लावा, मी त्याला बघते.” तिने सॅक पाठीला लावली. “मी गुवाहाटीला येत नाहीये. मी वर चाललेय, मीरामावशीकडे. दहावी इथेच करणार आहे, आणि रोज सकाळी शाळेत जाताना अण्णांसमोर उभी राहून त्यांना गुड मॉर्निंग म्हणणार आहे. आणि गणपतीत नारळ मी धरणार आहे.”